नोकरी सांभाळून

पुण्यातली जुनी मंडळी राजा गोसावींची एक आठवण सांगतात. १९५२ साली 'लाखाची गोष्ट' लागला, तेव्हा गोसावी भानुविलास थिएटरात तिकिटांच्या खिडकीत बसत होते. आत पडद्यावर लाख रुपये उडवायला निघालेला नायक आणि बाहेर खिडकीतून सुटे पैसे मोजून देणारा कारकून, दोघे एकच! आठवण सांगताना सांगणारा हसतो, ऐकणाराही हसतो, कारण ती गोसावींच्याच एखाद्या सिनेमातली वाटते. मला मात्र तिच्यात मराठी पडद्याचा निम्मा इतिहास दिसतो. नाव पाटीवर चढलं तरी खिडकी सुटत नाही, हे त्या इतिहासाचं सूत्र आहे.

आपल्याकडे मुलाने 'मी नट होणार' म्हटलं, की घरातल्या थोरल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ते ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय? या प्रश्नाचं तितकंच ठरलेलं उत्तर म्हणजे 'नोकरी सांभाळून.' या दोन शब्दांत एक तडजोड आहे, थोडी भीती आहे आणि बरीचशी जिद्दही आहे. मराठीतल्या कितीतरी मोठ्या भूमिका या दोन शब्दांच्या आडोशाने वाढल्या.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. आमच्या शेजारचे एक काका गिरणीत साच्यावर होते आणि दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत काम करायचे. रातपाळी करून आले तरी संध्याकाळी तालमीला हजर. एकदा त्यांना एका मराठी सिनेमात हवालदाराचं काम मिळालं. दोनच वाक्यं होती, पण शूटिंग तीन दिवस चाललं. तीन दिवस म्हणजे गिरणीत तीन खाडे. पगाराच्या दिवशी काकूंनी ते तीन दिवस बोटांवर मोजले, हे मी पाहिलेलं आहे. नटांविषयी पुस्तक करायचं ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी ती बोटं आली. या काकांविषयी शेवटी पुन्हा थोडं सांगायचं आहे.

पडद्यावरच्या कलावंतांविषयी मराठीत लिहिलं गेलं नाही, असं म्हणायची सोय नाही. दुर्गा खोट्यांचं 'मी, दुर्गा खोटे', हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका', लीला चिटणिसांचं 'चंदेरी दुनियेत', सूर्यकांतांचं 'धाकटी पाती', श्रीराम लागूंचं 'लमाण', जयश्री गडकरांचं 'अशी मी जयश्री', दादा कोंडक्यांचं 'एकटा जीव', अशोक सराफांचं 'मी बहुरूपी' : इतकी समृद्ध फळी फार थोड्या भाषांच्या पडद्याला लाभली असेल. दुसऱ्या बाजूला सिनेमाचे इतिहास आहेत. त्यांत कंपन्या, दिग्दर्शक, पारितोषिकं आणि आठवड्यांचे हिशेब असतात. या दोहोंच्या मधली जागा मात्र रिकामी राहिली. नट आला कुठून, त्याने आधी काय केलं, ज्या काळात तो 'घडत' होता त्या काळात घरातली चूल कशावर पेटत होती, आणि त्या आधीच्या आयुष्याचं पडद्यावर नेमकं काय उतरलं? चरित्रात हे सगळं 'सुरुवातीचा संघर्ष' या एका प्रकरणात उरकतं. आमच्या मते तो संघर्ष हाच मूळ ऐवज आहे.

या मुलखात नव्याने शिरणाऱ्याला एक सोपी खूण सांगतो. नटाला मिळणाऱ्या पैशाला कोणता शब्द वापरतात, तो ऐकावा. जुन्या गवयाला आणि गायक नटाला बिदागी मिळायची. सिनेमा कंपनीत पगार असायचा. तमाशात उचल आणि सुपारी. व्यावसायिक नाटकात 'नाईट', म्हणजे प्रयोगागणिक ठरलेली रक्कम. मालिकेत 'पर डे'. भाषणात आणि पत्रव्यवहारात या सगळ्यांवर 'मानधन' नावाची शाल पांघरली जाते. शब्द बदलला, की नटाचं मालकाशी, प्रेक्षकाशी आणि स्वतःच्या घराशी असलेलं नातंही बदललेलं असतं. पडद्यावरच्या कलावंतांची घराणी पाडायचीच झाली, तर मी याच शब्दांवरून पाडीन.

सुरुवात स्वयंपाकघराच्या आसपास होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. चांगल्या घरच्या बायका येणं शक्यच नव्हतं आणि ज्यांना समाज चांगल्या घरच्या मानत नव्हता, त्यांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. दरम्यान 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले झाल्या. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. या एका घराच्या वंशावळीत मूकपटापासून मालिकांपर्यंतचा काळ मावतो. पण त्या वंशावळीच्या मुळाशी एक आई आपल्या मुलीला घेऊन, लोकनिंदेची पर्वा न करता, कामावर गेली होती हे विसरू नये.

त्यानंतरचा टप्पा कंपन्यांचा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेली माणसं १९२९ साली बाहेर पडली आणि त्यांनी 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला आली. कंपनीतला नट हा पगारी माणूस होता. सुतार, रंगारी, शिंपी यांच्यासारखाच तोही त्या आवाराचा. या व्यवस्थेचे लाभ काय होते, ते 'संत तुकाराम' (१९३६) पाहिल्यावर कळतं. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले. त्यांच्या अंगातलं तेच मार्दव पडद्यावर संतपणा होऊन उतरलं. जिजाई झालेल्या गौरी कंपनीतल्या अगदी खालच्या पायरीवरून आलेल्या, झाडलोट आणि गर्दीतली कामं करणाऱ्या. तुकारामाच्या बायकोचा तो करवादलेला, कष्टाने चिवट झालेला आवाज कोणत्या वर्गात शिकवला जात नव्हता. शेणी थापणाऱ्या हाताला शेणी थापायला शिकवावं लागत नाही.

याच आवारात पगाराची दुसरी बाजूही दिसली. शांता आपटे त्या काळातल्या मोठ्या तारका. 'कुंकू'मधल्या त्यांच्या बाणेदार नायिकेने १९३७ साली महाराष्ट्र हलवला होता. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला आणि त्या 'प्रभात'च्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं. शीर्षकातलं ते प्रश्नचिन्ह मला फार बोलकं वाटतं. नट हा कामगार आहे की कलावंत, या प्रश्नाची मराठीतली पहिली जाहीर मांडणी एका बाईने केली आणि तीही फाटकाबाहेर बसून.

कंपन्या मोडल्या तसा नटाचा महिन्याचा पगार गेला. १९६० साली 'प्रभात'च्याच जागेवर सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, पण मराठी नट तिथे घडला नाही. तो घडला कोल्हापुरात आणि कनातींत. भालजी पेंढारकरांच्या हाताखाली सुलोचनाबाई उभ्या राहिल्या, चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांडरे बंधू उभे राहिले. नकाशा पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. सुलोचनाबाई बेळगाव भागातल्या खडकलाटच्या, शांता हुबळीकर हुबळीकडच्या, जयश्री गडकर कारवारकडच्या. मराठी पडद्यावरची 'अस्सल मराठमोळी' स्त्री बऱ्याचदा भाषेच्या सीमेवरून आलेली आहे.

१९५९ साली अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. मग काही वर्षं मराठी पडद्याने फेटा आणि नऊवारी सोडली नाही. तमाशापट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक पाहावं : समूहनृत्यात मागच्या रांगेत नाचणारी मुलगी पुढे येऊन जयश्री गडकर झाली, ती याच लाटेत. पण फडाचा शिक्का किती घट्ट बसतो, हेही याच लाटेने दाखवलं. गणपत पाटलांनी 'नाच्या' इतका हुबेहूब केला, की लोकांनी त्यांच्यात दुसरा माणूस पाहायचंच नाकारलं.

या टप्प्यावर कलापथकातून आलेल्यांची फळी पुढे येते आणि तिच्याविषयी थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण पदव्यांच्या यादीत ती कधी दिसत नाही. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. दादा कोंडके नायगावच्या चाळीत वाढलेले, बँडपथकात वाजवलेले, 'अपना बाजार'मध्ये नोकरी केलेले. राम नगरकर नाभिक कुटुंबातले. तिघांनाही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वळण लावलं. कलापथकाचा रंगमंच म्हणजे गावातला पार, चावडी, शाळेचं पटांगण. समोरचा प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसतो, म्हणून त्याला धरून ठेवायचं काम अवघड. कोंडक्यांचं ते हजरजबाबी द्वयर्थीपण तिथलं आहे. निळूभाऊंचा, आवाज न चढवता धाक घालणारा पाटीलही तिथलाच. ज्याने आयुष्यभर समाजवादी चळवळीत पाटलांच्या वाड्यासमोर उभं राहून गाणी म्हटली, त्याने पाटील बारकाईने पाहिलेला होता. 'सामना'तला हिंदुराव हा त्या पाहण्याचा हिशेब आहे.

याच सुमाराला शहरात दुसरी एक फळी तयार होत होती, पांढऱ्या कॉलरची. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. १९६० साली 'रंगायन' ही नाट्यसंस्था आली. पुण्यात महाविद्यालयांच्या मुलांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू झाला. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह प्रायोगिक नाटकांचं घर झालं. या सगळ्यात पैसा नव्हता. उलट पदरचा जायचा. मग हे चाललं कसं? चाललं, कारण सकाळी दहा ते पाच या वेळेत दुसरं कोणीतरी पगार देत होतं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, सुशिक्षित मराठी तरुणांना काउंटर मिळाले आणि आंतरबँक नाट्यस्पर्धा रंगू लागल्या. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, अशोक सराफ स्टेट बँकेत, रीमा लागू युनियन बँकेत. शिवाजी साटम हे बँकेतले रोखपाल, पुढे एसीपी प्रद्युम्न म्हणून देशभर पोहोचले. मराठी आधुनिक अभिनयाचा सर्वांत मोठा आश्रयदाता कोण, असं कोणी विचारलं तर मी एखाद्या संस्थानिकाचं नाव घेणार नाही. मी राष्ट्रीयीकृत बँकेचं नाव घेईन. तिने हे जाणूनबुजून केलं नसेल, पण केलं.

पालेकरांचं उदाहरण घ्या. 'रजनीगंधा' आणि 'छोटीसी बात'मधला तो बसस्टॉपवर अवघडून उभा राहणारा, शर्टाची बाही नीट करणारा तरुण हिंदी सिनेमाला नवा होता. त्याआधीचा नायक नोकरी करतो असं कथेत सांगितलेलं असे, पण त्याच्या खांद्यांवर ऑफिस दिसत नसे. पालेकरांच्या खांद्यांवर ते दिसलं. जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेला डोळा आणि बँकेत बसलेलं शरीर, या दोन गोष्टी त्या अभिनयात एकत्र आल्या.

वैद्यकीच्या वाटेने आलेल्यांचं तर स्वतंत्र दालन करावं लागेल. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. लागूंनी पुण्यात आणि पूर्व आफ्रिकेत व्यवसाय केला आणि १९६९ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, तो सोडून पूर्ण वेळ रंगभूमी धरली. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आणि १९७२ मध्ये 'पिंजरा'. या माणसाने 'नोकरी सांभाळून' हे दोन शब्द उलटे करून दाखवले, म्हणून आपल्याला त्यांचं इतकं अप्रूप. पण सोडायला आधी काही हातात असावं लागतं. गिरणीतल्या माणसाने साचा सोडला तर त्याला कोणी त्याग म्हणत नाही.

गिरणगावाचा उल्लेख आला, तर १८ जानेवारी १९८२ ही तारीख टाळता येत नाही. त्या दिवशी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि मुंबईतल्या नाट्यवेड्या प्रेक्षकाचा, तसाच हौशी नटाचाही, आधार खचत गेला. त्यानंतरच्या दशकात मराठी पडद्यावर हसण्याची लाट आली. १९८५ चा 'धूमधडाका' हा तिचा ठळक टप्पा. त्या लाटेचा चेहरा झालेले लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावातले. लहानपणी लॉटरीची तिकिटं विकलेले, मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी केलेले. पुढच्या पिढीत टॅक्सीचालकाचा मुलगा भरत जाधव 'सही रे सही'मुळे घराघरांत पोहोचला. या विनोदाला उथळ म्हणायची पद्धत आहे. मला त्यात धावपळ दिसते. भाड्याची खोली, खोटं नाव, उसनी गाडी, एका पगारात दोन घरं : गोष्टी बाष्कळ असतील, पण त्यांचं इंधन खऱ्या चिंतांचं होतं आणि नटांना त्या चिंता पाठ होत्या.

१९९९ साली खाजगी मराठी वाहिनी सुरू झाली आणि 'पर डे' हा शब्द आला. मालिकेने मराठी नटासाठी एक मोठी गोष्ट केली : पहिल्यांदाच शेकडो माणसांना फक्त अभिनयावर घर चालवता येऊ लागलं. कर्जाचा हप्ता नटाच्या नावावर निघू लागला. मोबदल्यात तिने दिवसाचे बारा-तेरा तास घेतले आणि तालीम घेतली. संवाद सेटवर हातात पडतो, दोन वेळा वाचायचा आणि उभं राहायचं. नाटकातून आलेल्याला हे जमतं, कारण पाठांतराची आणि आवाजाची पुंजी तो बरोबर घेऊन येतो. ही पुंजी कुठे भरली जाते आणि किती दिवस पुरते, हा प्रश्न या पुस्तकातल्या बऱ्याच लेखांच्या पोटात आहे. मालिकेने आणखी एक केलं. कोल्हापूर-साताऱ्याकडे चित्रीकरणं गेली, विनोदी कार्यक्रमांतून वऱ्हाडी, मराठवाडी, मालवणी बोलणारी माणसं आली. मकरंद अनासपुरे किंवा भारत गणेशपुरे यांना ज्या बोलीविषयी पूर्वी 'सुधारून घे' म्हणून सांगितलं गेलं असतं, तीच त्यांची ओळख झाली.

आणि मग ज्यांनी नट व्हायचं ठरवलंच नव्हतं, ती माणसं पडद्यावर आली. नागराज मंजुळ्यांच्या 'फँड्री'तला जब्या म्हणजे करमाळा तालुक्यातला हलगी वाजवणारा शाळकरी मुलगा. 'सैराट' (२०१६) मधली आर्ची अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू, परश्या झालेला आकाश ठोसर कुस्ती खेळणारा. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये शाहीर नारायण कांबळे उभा करणारे वीरा साथीदार नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते होते. या निवडीमागे निव्वळ 'नवे चेहरे' शोधण्याची हौस नव्हती. तोवरच्या पडद्यावर जे चेहरे, जी आडनावं आणि जे उच्चार आले होते ते कोणत्या गल्ल्यांतून आले, याचं भान त्यामागे होतं. स्पर्धा, करंडक, छबिलदास ही सगळी दारं उघडी होती खरी. पण त्या दारापर्यंत पोहोचायला आधी शहर लागत होतं, प्रमाण भाषा लागत होती आणि संध्याकाळी सहानंतरचा वेळ लागत होता.

बायकांच्या पार्श्वभूमीकडे पाहताना मोजपट्टीच बदलते. पुरुष नटाची पार्श्वभूमी विचारली, की त्याची नोकरी सांगतात. नटीची विचारली, की तिचं घर सांगतात. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त तारामती झालेल्या दुर्गा खोटे लाडांसारख्या प्रतिष्ठित घरच्या, म्हणून त्या पडद्यावर आल्याची बातमी झाली. खरं कारण साधं होतं : सासरची आर्थिक घडी विस्कटली होती आणि मुलं लहान होती. हंसा वाडकर कलावंतिणींच्या परंपरेतल्या, म्हणून त्या आल्याची बातमी झाली नाही. पण कोवळ्या वयात त्यांच्या कमाईवर घर चालत होतं. लता मंगेशकरांनी १९४२ साली, वडील मास्टर दीनानाथ गेल्यावर, मास्टर विनायकांच्या कंपनीत चेहऱ्याला रंग लावला, तोही घरासाठीच. तीन वेगळ्या सामाजिक थरांतल्या तीन स्त्रिया, पण दाराशी आणणारं कारण एक. पुढे स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगता सांगता सिनेमात आल्या, तेव्हा मराठी मध्यमवर्गाला जरा हायसं वाटलं असावं, कारण बातम्या ही नोकरी होती. त्याच स्मिताबाईंनी १९७७ च्या 'भूमिका'त हंसाबाईंचं आयुष्य उभं केलं, ही मराठी पडद्याच्या इतिहासातली मोठी अर्थपूर्ण भेट आहे.

हे सगळं आज का सांगायचं? एक तर, ज्या टेकूंवर मराठी अभिनय उभा राहिला ते टेकू एकेक करून गेले. गिरण्यांच्या जागी मॉल आले. बँकांच्या काउंटरवर संगणक आले आणि कारकुनांची भरती आटली. आज एकांकिका स्पर्धेतून निघालेला मुलगा थेट मालिकेच्या सेटवर जातो आणि मालिका संपली की थेट रिकामा होतो. मागे वळायला खिडकी राहिलेली नाही. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली, तेव्हा हे उघडं पडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत मालिकांची युनिटं गोव्यात, सिल्वासात, बेळगावात गेली आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. मूळच्या गोव्याच्या, 'मत्स्यगंधा'पासून मराठी रंगभूमी गाजवलेल्या आशालता वाबगावकर सप्टेंबर २०२० मध्ये, एका मालिकेचं काम चालू असतानाच, साताऱ्यात करोनाने गेल्या. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस सेटवर का असतो, याची उत्तरं दोन असू शकतात : कामाची ओढ आणि कामाची गरज. बहुतेक नटांच्या बाबतीत ही दोन उत्तरं वेगळी करता येत नाहीत.

दुसरं कारण म्हणजे मोबाइल. आता निवडीच्या वेळी 'फॉलोअर किती?' हा प्रश्न विचारला जातो. रीलवर प्रसिद्ध झालेला तरुण हा एका अर्थाने पारावरच्या कलापथकाचाच वंशज आहे. त्याच्यासमोरचा प्रेक्षकही तिकीट न काढता आलेला, पुढच्या क्षणी उठून जाणारा. फरक इतकाच की कलापथकाच्या मागे सेवा दलासारखी संघटना होती, शिबिरं होती, कान पकडणारी माणसं होती. याच्यामागे कोण आहे, ते अजून दिसायचं आहे. त्याला घाईने हसू नये. अण्णा साळुंक्यांनाही पहिल्यांदा पाहून लोक हसलेच असतील.

आता या पुस्तकाविषयी. हा चरित्रकोश नाही आणि मोठ्यांच्या पंगतीत कोणाला कुठे बसवायचं, याची यादीही नाही. लेखकांना आम्ही तीनच गोष्टी शोधायला सांगितल्या : नटाची पहिली कमाई कशाची, तो घडत असताना घर कोणी चालवलं, आणि त्याच्या आधीच्या कामाचं कोणतं चिन्ह त्याच्या अभिनयात राहिलं. काहींना उत्तरं आत्मचरित्रांत मिळाली, काहींना जुन्या जाहिरातींत, काहींना नटांच्या भावंडांकडे आणि बायकांकडे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर बहुतेक वेळा बायकाच होत्या. शिक्षिका, परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या. नटाच्या चरित्रात 'पत्नीची साथ' या दोन शब्दांखाली त्या गाडल्या गेल्या आहेत. शक्य तिथे आम्ही त्यांना वर काढलं आहे.

लेखांची रचना सालवार नाही, व्यवसायवार आहे. त्यामुळे वाचकाला काही अनपेक्षित शेजार भेटतील. प्रभातचा पगारी नट आणि आजचा मालिकेतला नट एकाच विभागात आहेत, कारण दोघांचाही वेळ दुसऱ्याच्या घड्याळाने चालला. प्रेमप्रकरणं, भांडणं, कोणी कोणाचं काम घालवलं, हे इथे मिळणार नाही. हयात कलावंतांच्या मिळकतीचे आकडेही मुद्दाम टाळले आहेत. आमची एक उणीव कबूल करतो : गर्दीतले कलाकार, डबिंगचे आवाज, नायिकेच्या मागे नाचणाऱ्या रांगा यांना हव्या त्या प्रमाणात जागा देता आली नाही. ज्यांची नावं पाटीवर येत नाहीत त्यांचे कागदही मागे राहत नाहीत. पुढे कोणी हे काम हाती घेतलं तर आमच्याकडची टिपणं त्यांचीच आहेत.

त्या काकांचं सांगायचं राहिलं. सिनेमा लागला तेव्हा सगळी चाळ गेली. काका पडद्यावर आले, काठी टेकून उभे राहिले, तोंड उघडलं आणि आवाज भलत्याच माणसाचा निघाला. आम्ही पोरं खो खो हसलो. घरी येताना कोणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, डबिंगला बोलावलं होतं, पण त्या महिन्यात चौथा खाडा परवडणारा नव्हता. पडद्यावर त्यांचा चेहरा तेवढा राहिला.

या पुस्तकातली माणसं चौथा खाडा करू शकलेली आहेत. कोणाला बँकेने करू दिला, कोणाला कंपनीने, कोणाला बायकोच्या पगाराने. तो कसा परवडला, एवढंच आम्ही विचारलं आहे.

— संपादक